पृष्ठवंशाची वक्रता आणि मेंदूचे चित्रण

‘कुबड’ हा शब्द व्यवहारात पाठीच्या अनेक भिन्न विकारांना सरसकट लावला जातो. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदलेले आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आल्यास कणा ताठरतो व पाठ पुढे वाकते. मणक्याच्या क्षयात मणके खचून पाठीवर उंचवटा येतो. या दोहोंची कारणे ज्ञात आहेत. तिसऱ्या विकारात मात्र एरवी निरोगी असलेल्या किशोरवयीन मुलामुलींचा कणा एका बाजूस वळतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती पिळला जातो. वैद्यकाने यास ‘अज्ञातहेतुक पार्श्ववक्रता’ असे नाव दिले आहे. कारण ठाऊक नसल्याची कबुली या नावातच आहे.

क्ष-किरण चित्रावर १० अंश वा त्याहून अधिक वाक आढळल्यास हा विकार मानतात. मापनाची ही रीत जॉन कॉब यांनी १९४८ साली रूढ केली. शंभर मुलांत दोन-तीन जणांस तो होतो. तीव्र वक्रता मुलींमध्ये कितीतरी अधिक आढळते. कारण अज्ञात असले, की दोष कोणाच्या तरी माथी मारला जातो. कोणी जड दप्तरास बोल लावतो, कोणी मुलीच्या बसण्याच्या ढबीस, तर कोणी मातेने न पाळलेल्या ग्रहणास. यांपैकी एकही कारण सिद्ध झालेले नाही.

संशोधकांची दृष्टी मेंदूकडे का वळली, हे समजणे कठीण नाही. शरीर ताठ व समतोल राखण्यासाठी आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका, डोळे, स्नायू व सांधे यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांचा मेळ मेंदूला घालावा लागतो. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात या मेळात उणीव राहिली, तर कणा एका अंगास झुकू शकेल, असा तर्क आहे. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातील संशोधकांनी चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाच्या, म्हणजेच प्रचलित भाषेत एमआरआयच्या साहाय्याने तो तपासला. काही रुग्णांत लहान मेंदूचा तळभाग किंचित खाली उतरलेला आढळला. आंतरकर्णातील नलिकांच्या रचनेतही डाव्या-उजव्या बाजूंत विषमता दिसली. हाताची हालचाल करताना रुग्णांच्या मेंदूतील चालक केंद्रे निराळ्या प्रकारे उद्दीपित होतात, असे स्पेनमधील संशोधकांनी २०११ साली दाखविले.

तथापि, चित्र भेद दाखविते. आधी काय घडले व नंतर काय, हे दाखवीत नाही. वाक्यात दोन पदे शेजारी आली, एवढ्याने त्यांतील एक कर्ता ठरत नाही. बहुतेक चित्रणे कणा वाकल्यानंतर घेतलेली असून तपासलेल्या रुग्णांची संख्याही लहान आहे. मेंदूतील भेदामुळे कणा वाकला, की वाकलेले शरीर सावरताना मेंदूत बदल झाला, याचा निर्णय त्यांवरून होत नाही. वक्रता उद्भवण्यापूर्वीपासून मुलांचे वर्षानुवर्षे चित्रण केल्यासच तो होईल. आनुवंशिकतेचाही यात वाटा आहे. २०११ साली जपानी संशोधकांनी या विकाराशी निगडित असा एक जनुकीय भेद शोधून काढला.

कारण सापडेपर्यंत उपचार थांबवावा लागत नाही, ही गोष्ट मात्र निश्चित आहे. अमेरिका व कॅनडा येथील रुग्णांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कण्यास आधार देणारा पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांची वक्रता वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिली. केवळ देखरेखीखाली ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. शरीराची वाढ संपल्यावर मात्र हा पट्टा उपयोगी पडत नाही.

हा विकार आरंभी बहुधा दुखत नाही, आणि कपड्यांखाली तो झाकला जातो. म्हणूनच तो शोधावा लागतो. मुलास पाय जुळवून, गुडघे न वाकविता कमरेतून पुढे वाकण्यास सांगावे व मागून पाठीकडे पाहावे. एक बाजू उंच दिसल्यास वैद्याकडे न्यावे. मेंदूच्या चित्रणास महागडे यंत्र लागते. ही परीक्षा घाटंजी किंवा झरी-जामणी येथील शाळेच्या वर्गातही करता येते. तिच्यासाठी प्रकाश आणि जाणती नजर एवढेच पुरेसे आहे.