चमचाभर युरिया आणि पिशवीतलं झाड

"वाढ थांबलीय? चमचाभर युरिया टाका, आठवड्यात बघा कसं झपाटतं." हा सल्ला रोपवाटिकेच्या फाटकाशी मिळतो, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मिळतो, आणि गच्चीवर ड्रममध्ये आंबा लावणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात तर रोजच मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. हिशेब मात्र कुणी केलेला नसतो, म्हणून तो आधी करू.

सपाट चमचा युरिया म्हणजे साधारण चार ग्रॅम. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे चमच्यात सुमारे १.८ ग्रॅम. आता झाडाकडे बघा. संत्र्याचं पिशवीतलं कलम काढलं, मुळं धुतली, पानं-खोड-मुळांसकट वाळवलं आणि ते समजा ४० ग्रॅम भरलं. निरोगी संत्र्याच्या वाळलेल्या पानात अडीच टक्क्यांच्या आसपास नत्र असतं, खोडात आणि मुळांत त्याहून कमी. सरासरी दोन टक्के धरली तरी अख्ख्या झाडात ०.८ ग्रॅम. म्हणजे जन्मल्यापासून त्या कलमानं जेवढं नत्र अंगात घेतलं त्याच्या दुपटीहून जास्त आपण एका सकाळी ओततो, आणि ते आठवड्यात 'लागलं' पाहिजे म्हणतो.

शेतकऱ्याला हा हिशेब पोत्यांत सांगितला की लवकर पटतो. पिशवीत दोन किलो माती असेल तर चार ग्रॅम युरिया म्हणजे किलोला दोन ग्रॅम. एकरभर रानातला वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण नऊ लाख किलो भरतो. त्याच प्रमाणात तिथे खत द्यायचं तर १,८०० किलो युरिया लागेल, म्हणजे ४५ किलोची ४० पोती. एका एकरात, एका वेळी! असं कुणी केलं तर गाव त्याला वेड्यात काढेल. पिशवीत तेच केलं की त्याला 'खुराक' म्हणतात.

बरं, एवढं ओतलं तर ते जातं कुठे? युरिया जसाच्या तसा मुळांतून फार थोडा आत जातो. मातीतलं युरिएज हे विकर आधी त्याचं अमोनियम कार्बोनेट करतं. त्या टप्प्यावर दाण्याभोवतीचा सामू एकदम चढतो आणि काही नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं. खत नुसतं वर भुरभुरून पाणी दिलं नाही तर जास्तच. हाच अमोनिया कोवळ्या मुळांना जाळतो. उरलेल्या अमोनियमचं जिवाणू नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार, मातीच्या कणांवरही ऋण भार, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. शेतात ते खाली उतरलं तरी खोल गेलेल्या मुळांच्या वाट्याला काही येतं. पिशवीची खोली वीतभर, तळाला भोकं, आणि उन्हाळ्यात रोज पाणी. जे गळून गेलं ते गेलं.

आता मुख्य मुद्दा. मूळ म्हणजे पाणी ओढणारी वात नव्हे, की विरघळलं ते सगळं वर चढलं. नत्र आत घेण्यासाठी मुळाला ऊर्जा खर्चावी लागते. ती ऊर्जा येते पानांनी बनवलेल्या साखरेतून, आणि ती वापरायला मुळाशी प्राणवायू लागतो. पिशवीत पाणी तुंबलं असेल, तळाची भोकं बुजली असतील, तर खत शेजारी असूनही झाड उपाशी राहतं. कलमाचा डोळा फुटल्यावर जंबेरीच्या किंवा रंगपूरच्या खुंटाचा शेंडा छाटला की काही काळ झाडाला पानंच नसतात. साखर नाही आणि मागणीही नाही. नेमकं याच वेळी "आता जोर येऊ दे" म्हणून युरिया पडतो. शिवाय अंगात पुरेसं नत्र साठलं की झाड मुळांवरची नत्र आत घेणारी यंत्रणा स्वतःच मंद करतं. किती घ्यायचं हे ते ठरवतं, आपला चमचा नाही.

संत्रा आणि आंबा एका लयीत वाढत नाहीत. नवती येते, थांबते, पुन्हा येते. नवतीला लागणाऱ्या नत्राचा मोठा वाटा आधीच्या पानांतून आणि सालीतून, मुळांतून येतो. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी खुणेचं नत्र, म्हणजे १५ अणुभाराचा समस्थानिक, देऊन संत्रावर्गीय झाडांत हा प्रवास तपासला आहे. जुनी पानं ही या झाडांची महत्त्वाची कोठारं ठरतात. त्यामुळे युरिया टाकला आणि चार दिवसांत पालवी फुटली, तर त्या पालवीचं श्रेय युरियाला देण्याआधी थोडं थांबावं. ती बहुधा येणारच होती.

मग द्यायचं कसं? स्वीडनच्या तॉर्स्टेन इंगेस्टाड यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बर्चच्या रोपांवर काम करून एक साधी गोष्ट मांडली: रोप ज्या वेगानं वाढतं त्या वेगानं पुरवठा वाढत गेला पाहिजे. चार पानांच्या रोपाला आणि चाळीस पानांच्या रोपाला महिनोन्‌महिने एकच मात्रा दिली तर आधी उधळपट्टी होते आणि नंतर उपासमार. कॅनडात टिमर आणि सहकाऱ्यांनी डब्यांत वाढवलेल्या ब्लॅक स्प्रूसवर हेच तत्त्व वापरलं आणि लागवडीपूर्वी रोपात नत्राचा साठा भरून ठेवता येतो हे दाखवलं. थोडं थोडं, वाढत्या मात्रेनं आणि पाण्यातून. चमच्याच्या अगदी उलट.

इथे कुणी म्हणेल, साठा भरता येतो ना, मग हिरवंगार कलम चांगलंच! अर्धं बरोबर. ओरेगॉनच्या चेंग आणि फुचिगामी यांनी २००२ साली 'ट्री फिजिऑलॉजी'मध्ये सफरचंदाच्या तरुण झाडांबद्दल लिहिलं की पुढच्या हंगामाची नवी वाढ झाडात साठलेल्या नत्रावर ठरते, साठलेल्या पिष्टमय पदार्थांवर नाही. पण साठा वेगळा आणि फुगवटा वेगळा. नत्र मुबलक मिळालं की झाड शेंडा वाढवतं, मुळांवर खर्च कमी करतं. जूनमध्ये वरूड-शेंदुरजनाघाटच्या पट्ट्यात पन्हेरी घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक सर्वात उंच, सर्वात काळपट हिरवं कलम उचलतं. पिशवी फाडून मुळं कुणी बघत नाही. पावसाळ्यात ते झाड तगतं, ऑक्टोबरच्या उन्हात मोठ्या शेंड्याला पाणी पुरवणं लहान मुळांना झेपत नाही, आणि मग दोष 'जातीला' दिला जातो. गिऱ्हाइकाला काळपट हिरवं हवं असेल तर रोपवाटिकावाला तेच तयार करणार, त्याला तरी काय बोलायचं?

दुसरा हट्टी गैरसमज: पान पिवळं म्हणजे नत्र कमी. खालची जुनी पानं सरसकट फिकी पडत असतील तर शक्य आहे, कारण झाड तिथलं नत्र काढून शेंड्याला देतं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह किंवा जस्त बघा. विदर्भ-मराठवाड्याच्या चुनखडीच्या काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे नेहमीचं आहे. झाडाला लोह एका पानातून दुसऱ्यात सहज हलवता येत नाही, म्हणून खूण नव्या पानावर दिसते. पाणी साचून मुळं कुजत असतील तरी पानं पिवळी पडतात, आणि अशा मुळांवर युरिया टाकणं हा निव्वळ अत्याचार आहे.

बाकीचे थोडक्यात. "युरिया उष्ण पडतो": पेलाभर पाण्यात दोन-तीन चमचे विरघळवा आणि पेला हातात धरा, पाणी गार पडतं. झाड करपतं ते अमोनियानं आणि क्षारांनी. "नीमकोटेड म्हणजे हळूहळू सुटणारं": २०१५ मध्ये देशातल्या शेतीच्या युरियाला कडुनिंबाचा लेप बंधनकारक झाला, पण तो अमोनियमचं नायट्रेट होणं मंदावतो, दाणा विरघळणं नाही. "शेणखत कितीही चालतं": न कुजलेलं असेल तर तेही मुळं भाजतं. "बाटलीभर नॅनो युरिया म्हणजे एक पोतं": २०२१ मध्ये आलेल्या ४ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत नत्र २० ग्रॅम, ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो. पानं युरिया शोषतात हे खरं, पण वजाबाकी ज्यानं त्यानं करावी.

आणि चमचा हातात घेतलाच असेल तर त्यातला युरिया पिशवीत न टाकता बारा लिटर पाण्यात विरघळवा. लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास नत्र येतं, कुंडीतल्या झाडाला ते मानवतं. माती आधी ओली असावी, तळातून पाणी निघत असावं, झाडावर पानं असावीत. बारा पिशव्यांना प्रत्येकी लिटरभर दिलं की तो एक चमचा संपतो.