घरचा संगणक आणि बिघडलेली दुरुस्ती

पूर्वी पेढीची खतावणी दिवाणजींच्या हाती असे आणि रात्री ती कुलुपात जाई. त्यांच्या माघारी तिचे एक पानही कोणी उलटू शकत नसे. आता आमच्यांपैकी पुष्कळांचे हिशेब घरच्या संगणकात असतात, आणि त्या संगणकाची अंतर्गत घडण आपण निजलेले असताना दूरदेशीची कंपनी परस्पर बदलून जाते. या बदलास अपडेट म्हणतात. बहुतेक वेळा तो बिनबोभाट पार पडतो. परंतु कधी कधी त्या बदलातच दोष असतो. मग सकाळी बिल छापून निघत नाही, नाही तर कागदपत्रेच जागेवर सापडत नाहीत. असे का घडते आणि घरच्या घरी त्यावर कोणता बंदोबस्त करता येतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे. प्रस्तुत लेखक संगणकशास्त्राचा पदवीधर नव्हे, मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा घाऊक व्यापारी आहे; यास्तव भाषा पेढीवरची येईल, ती वाचकांनी चालवून घ्यावी.

हिशेबाचा कार्यक्रम, छपाईयंत्र, पडदा, कीबोर्ड ही सर्व मंडळी आपापसांत थेट बोलत नाहीत. त्यांच्यामध्ये एक मुख्य कारभारी बसलेला असतो, त्याचे नाव ऑपरेटिंग सिस्टीम. घरगुती संगणकांत बहुधा मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. या कारभाऱ्याच्या कामातील उणिवा दूर करण्यासाठी कंपनी ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या पाठविते. तिकडे सकाळचे दहा वाजलेले असतात, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा, तिकडच्या हिवाळ्यात, साडेअकरा. सबब आपला खरा प्रसंग बुधवारी सकाळी उभा राहतो.

मग या दुरुस्त्या घेऊच नयेत, असे कोणी म्हणेल. पेठेत असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचा वैताग मला कळतो, पण सल्ला मानवत नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले. ते संगणकातील दप्तर कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी पैसे मागे. ज्या भगदाडातून ते शिरले ते बुजविणारी दुरुस्ती कंपनीने १४ मार्च रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, पाठविली होती. ज्यांनी ती बसविली नाही त्यांची दारे उघडी राहिली. गोदामाचे छप्पर गळते हे ठाऊक असून पावसाळ्यापर्यंत कवले न फिरविणाऱ्यासारखेच हे झाले.

आता दोष कोठून येतो ते पाहू. धान्याचा नमुना काढताना आपण पोत्यात टोकदार नळी खुपसतो, ओंजळभर दाणे तळहातावर घेतो आणि त्यावरून सबंध ट्रकचा भाव ठरवितो. हा व्यवहार शतकानुशतके चालत आला आहे आणि बहुतांशी बरोबरच ठरतो. तरी मधल्या थरातील एखादे भिजलेले पोते नळीला लागत नाही. विंडोजची गोष्ट अशीच आहे. ही एकच प्रणाली असंख्य संगणकांवर चालते, आणि प्रत्येकाचे सुटे भाग, छपाईयंत्र व मालकाच्या सवयी निराळ्या. कंपनी आपल्या यंत्रांवर आणि स्वेच्छेने पुढे आलेल्या चाचणीकारांकडे माल पारखून घेते, परंतु प्रत्येक घरची मांडणी त्या नमुन्यात येणे शक्य नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१८ सालचे आहे. त्या वर्षी २ ऑक्टोबरला विंडोज १० ची मोठी नवी आवृत्ती देण्यास आरंभ झाला आणि चारच दिवसांत कंपनीला ती थांबवावी लागली, कारण काही लोकांची कागदपत्रे व छायाचित्रे नाहीशी झाली होती. कारण असे निघाले: काही लोकांनी आपला कागदपत्रांचा कप्पा दुसऱ्या डिस्कवर हलविला होता, पण जुन्या कप्प्यात काही फायली राहून गेल्या होत्या. नव्या आवृत्तीने तो जुना कप्पा निरुपयोगी समजून आतल्या मालासकट काढून टाकला. मालकाने धान्य नव्या गोदामात नेले, पाच-पंचवीस पोती जुन्यात राहिली, आणि हमालाने आत डोकावून न पाहता जुने गोदामच पाडले, असा हा प्रकार. अशी तक्रार दहा हजार स्थापनांमागे एकाची होती, असे कंपनीने जाहीर केले. आकडा खरा असेल. पण ज्याच्या मुलाबाळांची छायाचित्रे गेली त्याच्या लेखी हानी शंभर टक्के होती. याहून मनाला लागणारी गोष्ट ही की, चाचणीकारांपैकी काहींनी ही तक्रार आधीच नोंदविली होती. तिला पुरेशी मते पडली नाहीत म्हणून ती ढिगाऱ्यात खाली राहिली. नमुन्यात किडका दाणा आला होता, परंतु तो कोणी उचलून पाहिला नाही. पुढे तक्रार किती गंभीर आहे हे नोंदविण्याची सोय कंपनीने केली, आणि १३ नोव्हेंबरला तीच आवृत्ती पुन्हा बाहेर आली.

व्यापाऱ्यांना अधिक जवळचा प्रसंग मार्च २०२१ मधला. वर्षअखेरीचा महिना, बिलांची घाई, आणि ९ मार्चच्या दुरुस्तीनंतर काही ठराविक छपाईयंत्रांवर छापण्याची आज्ञा देताच पडदा निळा होऊन संगणक बंद पडू लागला. १५ तारखेस त्यावर उतारा आला. परंतु छापील कागदावर बारकोड, क्यूआर कोड किंवा बोधचिन्ह उमटतच नाही, त्या जागी काळा चौकोन येतो, कधी कोराच कागद बाहेर पडतो, हा दुसरा दोष राहिला होता. त्यासाठी १८ तारखेस आणखी एक दुरुस्ती काढावी लागली.

१४ ऑक्टोबर २०२५ ची गोष्ट तर विलक्षणच. दिवाळीच्या तोंडावर आलेल्या विंडोज ११ च्या त्या दुरुस्तीने, संगणक बिघडल्यास ज्या आपत्कालीन खोलीतून तो सावरावयाचा त्या खोलीतच यूएसबी कीबोर्ड व माऊस निकामी केले. एरवी दोन्ही ठीक चालत. संकटसमयी मात्र हात बांधलेले. सहा दिवसांनी, २० तारखेस, हा दोष दूर करण्यात आला.

माझा आक्षेप चुकांवर नाही. कोणाचाही माल कधी तरी परत येतोच. आक्षेप आहे तो क्रमावर. विंडोजची महागडी व्यावसायिक आवृत्ती घेणाऱ्यास मासिक दुरुस्ती तीस दिवसांपर्यंत मागे ठेवण्याचा कायमचा नियम लावता येतो. घरगुती आवृत्तीस ती मुभा नाही. मे २०१९ पूर्वी तर घरगुती ग्राहकास थांबविण्याचे साधे बटणही नव्हते. म्हणजे ताजा, न मुरलेला माल प्रथम गरिबाच्या पदरात पडतो, आणि तो पचला की मग मोठ्या पेढ्या उचलतात. हा व्यवहार मला सरळ वाटत नाही.

त्यातून आपल्यापुरती एक निराळीच अडचण निर्माण होते. महिन्याचा दुसरा मंगळवार ८ ते १४ या तारखांतच पडतो, आणि जीएसटीचे विक्रीचे मासिक विवरणपत्र भरण्याची मुदत ११ तारखेस संपते. २०२६ च्या दिनदर्शिकेत फेब्रुवारी व मार्च या दोन्ही महिन्यांचा दुसरा मंगळवार १० तारखेस आहे. अर्थात दुरुस्तीनंतरची पहिली सकाळ नेमकी मुदतीची सकाळ ठरते. त्या दिवशी संगणक अडला तर विलंबशुल्क आपल्या खाती पडते. सरकार त्यासाठी सवड देत नाही आणि कंपनी भरपाई देत नाही.

यावर उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट या पानावर दुरुस्त्या थांबविण्याचे बटण असते, आणि तेथून अधिकात अधिक पाच आठवडे थांबता येते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते दाबावे, विवरणपत्र भरून मोकळे व्हावे, आणि मग एखाद्या निवांत रविवारी दुरुस्ती घ्यावी. तोवर तिच्यात ठळक दोष असल्यास त्याचा बभ्रा झालेला असतो. मात्र पाच आठवडे सरल्यावर आलेले सर्व घ्यावे लागते, आणि ते घ्यावेच.

दुरुस्तीपूर्वी हिशेबाची व छायाचित्रांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर उतरवावी आणि ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर ती वेगळी नक्कल नव्हेच. खंडणीखोर सॉफ्टवेअर तिलाही कुलूप घालते. दुरुस्तीनंतर लगेच एक बिल छापून पाहावे आणि हिशेबाचा कार्यक्रम उघडून शेवटची शिल्लक ताडावी. बिघाड दिसल्यास त्याच पानावरील हिस्टरी या सदरातून ती विशिष्ट दुरुस्ती बहुधा काढून टाकता येते. प्रत्येकीस केबी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, तो तारखेसह वहीत टिपलेला असावा, म्हणजे कारागिराशी बोलताना अंदाजपंचे बोलावे लागत नाही. संपूर्ण आवृत्तीच बदलली असेल, तर मागे फिरण्याची मुदत सामान्यतः दहा दिवसांची असते.

आणखी एक गोष्ट वहीत हवीच. पुष्कळ नव्या संगणकांची डिस्क आतून कुलूपबंद असते आणि मालकास त्याची कल्पनाही नसते. ९ जुलै २०२४ च्या दुरुस्तीनंतर काही संगणक सुरू होतानाच या कुलपाची किल्ली मागू लागले. ही किल्ली अठ्ठेचाळीस अंकी असते व बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. पण घरचा एकमेव संगणकच बंद असला आणि त्या खात्याचा परवलीचा शब्द मुलाने परगावी जाताना बरोबर नेला असला, तर ती मिळणार कशी? संगणक धड चालू असतानाच ती खात्यातून काढावी, घरातील दोघांनी एकाने वाचून व दुसऱ्याने लिहून अंक ताडून घ्यावेत, आणि तो कागद जमिनीच्या दस्तांबरोबर तिजोरीत ठेवावा.