बॅटरसीचा मुंबईकर खासदार

काँग्रेसच्या स्थापनेपासून स्वातंत्र्यापर्यंतच्या काळात ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये तीन भारतीय निवडून गेले. तिघेही मुंबईशी जोडलेले पारशी. 1892 मध्ये दादाभाई नौरोजी उदारमतवादी पक्षाकडून गेले, 1895 मध्ये मंचेरजी भावनगरी हुजूर पक्षाकडून. दादाभाईंच्या नावाचा रस्ता मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे. भावनगरी निदान इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत असतात. तिसरे शापुरजी सकलातवाला. त्यांचे नाव या गिरण्यांच्या शहराने जवळजवळ पुसून टाकले आहे आणि ते मला मनापासून खटकते. मुंबईच्या गिरणी कामगाराची मजुरी हा ब्रिटनच्या कामगाराचाही प्रश्न आहे, असे वेस्टमिन्स्टरमध्ये उभे राहून सांगणारा हा माणूस होता. त्यांच्या वाट्याला जे वाद आले, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ या एका म्हणण्यात सापडते.

शापुरजींचा जन्म 28 मार्च 1874 चा, मुंबईतला. आई जेरबाई या जमशेटजी टाटांच्या बहीण. मुलाचा काही काळ मामाच्या घरी, फोर्टातल्या एस्प्लनेड हाउसमध्ये गेला. शिक्षण सेंट झेवियर्समध्ये झाले. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वाल्डेमार हाफकिन लस तयार करण्यासाठी शहरात आले, तेव्हा तरुण शापुरजी त्यांच्या मदतीला होते. त्या दिवसांतली एक हकिकत सांगितली जाते. हाफकिनना भेटायला ते गोऱ्यांच्या एका क्लबवर गेले, तर पुढच्या दाराने आत येता येणार नाही असे त्यांना सांगण्यात आले. ज्या शहराचे प्राण वाचवायची धडपड चालली होती, त्याच शहरातला हा दरवाजा.

पुढे टाटांच्या पोलाद प्रकल्पासाठी लोहखनिज आणि कोळसा शोधत ते बिहार-ओरिसाच्या जंगलांत हिंडले. मलेरियाने प्रकृती खालावली. 1905 मध्ये ते इंग्लंडला गेले, टाटांच्या मँचेस्टर कचेरीचे काम पाहायला आणि तब्येत सुधारायलाही. डर्बीशायरमधल्या मॅटलॉक या आरोग्यधामाच्या गावी त्यांना सॅली मार्श भेटली, तिथे वाढपाचे काम करणारी कामगार घरातली मुलगी. 1907 मध्ये दोघांनी लग्न केले. मुंबईतल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी एकाचा भाचा इंग्लंडच्या कामगारांच्या जगात असा जावई म्हणून शिरला.

1909 मध्ये ते इंडिपेंडंट लेबर पार्टीत आले, 1921 मध्ये कम्युनिस्ट पक्षात. मधल्या काळात, पहिले महायुद्ध चालू असताना, लंडनमध्ये वर्कर्स वेल्फेअर लीग ऑफ इंडिया उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. तिथे त्यांनी जो मुद्दा पकडला तो आयुष्यभर सोडला नाही. स्कॉटलंडमधले डंडी हे तागाच्या गिरण्यांचे गाव. ब्रिटिश भांडवलातूनच हुगळीच्या काठी तागाच्या गिरण्या निघाल्या, कारण तिथली मजुरी डंडीच्या मानाने नगण्य होती. मग डंडीत गिरण्या बंद पडू लागल्या. शापुरजी डंडीच्या बेकार कामगाराला विचारत, तुझे काम कोणी नेले? कलकत्त्याच्या मजुराने नव्हे. त्याला अर्धपोटी ठेवणाऱ्या मालकाने नेले, आणि तो मालक तुझाही मालक आहे. त्या मजुराला संघटित होऊ दे, त्याची मजुरी वाढू दे, तेवढीच तुझी नोकरी सुरक्षित. साम्राज्य म्हणजे ब्रिटिश कामगाराची मिळकत, असे तोपर्यंत मजूर पक्षातल्याही अनेकांना मनातून वाटत होते. त्या समजुतीला त्यांनी कामगारांच्याच पोटापासून सुरुंग लावला. भारताच्या स्वातंत्र्याची बाजू दयेच्या किंवा न्यायाच्या भाषेत मांडणारे इंग्रज तेव्हाही होते. ती हिताच्या भाषेत मांडणारे फार थोडे, आणि मला तरी हा युक्तिवाद त्या काळातला सर्वांत भक्कम वाटतो.

ऐकणारे लोक त्यांना बॅटरसीत मिळाले. टेम्सच्या दक्षिण तीरावरची ही कामगार वस्ती वेगळ्याच धाटणीची. 1913 मध्ये तिथे जॉन आर्चर हा कृष्णवर्णीय माणूस महापौर झाला होता आणि तोच पुढे शापुरजींचा निवडणूक प्रतिनिधी झाला. 1922 मध्ये नॉर्थ बॅटरसीतून ते मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून निवडून आले. सभागृहात पोचताच त्यांनी आयरिश फ्री स्टेटच्या विधेयकाला विरोध केला. आयर्लंडला तोडून दिलेले अपुरे स्वातंत्र्य त्यांना मान्य नव्हते. मजूर पक्षाचे नेते अस्वस्थ झाले. ती अस्वस्थता पुढे कधी गेली नाही. 1923 मध्ये ते 186 मतांनी पडले. 1924 मध्ये मजूर पक्षाने कम्युनिस्टांना उमेदवारी द्यायची नाही असे ठरवले, तरी बॅटरसीच्या स्थानिक शाखेने आपल्या वरिष्ठांना न जुमानता त्यांनाच पाठिंबा दिला. उघड कम्युनिस्ट म्हणून उभे राहून ते 542 मतांनी जिंकले. त्या सभागृहात त्या पक्षाचे ते एकटेच.

इथे एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. 1925 पर्यंत हा कम्युनिस्ट टाटांच्या नोकरीत होता. मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांबरोबर टाटांच्या धरणाविरुद्ध झुंजत होते ती हीच वर्षे. विरोधकांनी या विसंगतीवर बोट ठेवले आणि त्यात तथ्य होते. 1925 मध्ये त्यांनी टाटांची नोकरी सोडली आणि सुरक्षित मिळकतीवर पाणी सोडले. माझ्या मते हा निर्णय उशिरा झाला.

त्याच वर्षी आंतरसंसदीय परिषदेसाठी ब्रिटिश खासदारांच्या शिष्टमंडळातून ते वॉशिंग्टनला जायचे होते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री फ्रँक केलॉग यांनी त्यांचा व्हिसा रद्द केला. दुसऱ्या देशाच्या निवडून आलेल्या खासदाराला दारातच अडवल्यामुळे अमेरिकेतही गदारोळ झाला.

खरी कसोटी 1926 च्या मे महिन्यात लागली. खाणकामगारांच्या बाजूने ब्रिटनभर सार्वत्रिक संप होऊ घातला होता. 1 मे रोजी हाइड पार्कच्या सभेत शापुरजींनी सैनिकांना आवाहन केले, की संपकऱ्यांवर, म्हणजे आपल्याच भावंडांवर, गोळी चालवू नका. संप सुरू होताच, 4 मे रोजी, त्यांना अटक झाली. चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून द्या आणि घरी जा, असा पर्याय न्यायालयाने ठेवला होता. त्यांनी तो नाकारला आणि वर्मवुड स्क्रब्सच्या तुरुंगात दोन महिने काढले. खासदारकी त्यांना तुरुंगापासून वाचवू शकली नाही.

तुरुंगातून सुटल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी 1927 मध्ये, ते मुंबईच्या बंदरावर उतरले. सभांना प्रचंड गर्दी होत होती. या दौऱ्यात त्यांनी गांधीजींना ‘प्रिय कॉम्रेड गांधी’ असे संबोधून खुले पत्र लिहिले. चरख्यावर खर्च होणारी शक्ती कामगार आणि शेतकऱ्यांच्या संघटना बांधण्यात लावा, असा त्यांचा आग्रह होता. लोकांना आपल्या पायांवर डोके ठेवू देणे आणि ‘महात्मा’ ही पदवी मिरवणे यालाही त्यांनी थेट हरकत घेतली. देव झालेल्या पुढाऱ्याला लोक प्रश्न विचारत नाहीत, हे त्यांना बोचत होते. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून उत्तर दिले. शापुरजींच्या कळकळीबद्दल आदर व्यक्त केला, पण खादी आणि अहमदाबादच्या मजूर महाजनाची आपली वाट सोडली नाही. खादीने अर्धपोटी खेड्यांना काय दिले हे शापुरजींना दिसले नाही असे मला वाटते. पायांवर लोळण घेण्याविषयीचे त्यांचे म्हणणे मात्र आजही कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावर वाचून दाखवावे असे आहे.

ते लंडनला परतले आणि सरकारने त्यांच्या पारपत्रावरून भारत काढून टाकला. 1929 मध्ये मजूर पक्षाचे सरकार आले, तेव्हाही बंदी उठली नाही. मुंबई त्यांना पुन्हा दिसली नाही.

आता तो वाद, जो त्यांच्याच पक्षाने उकरला. 1927 च्या उन्हाळ्यात लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये शापुरजींनी आपल्या पाचही मुलांचा नवजोत, म्हणजे पारशी धर्मदीक्षेचा विधी केला. धर्माला अफू मानणाऱ्या पक्षाचा एकुलता एक खासदार मुलांना सदरा आणि कुस्ती देतो आहे! पक्षाने त्यांची जाहीर निर्भर्त्सना केली. या विधीमागे एक जुना घाव होता. आई पारशी नसेल तर मुले पारशी का, हा प्रश्न 1908 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गाजला होता. तो खटला उभा राहिला टाटा घराण्यातल्याच रतनजी दादाभाई टाटांच्या फ्रेंच पत्नीवरून. जे. आर. डी. टाटांच्या त्या आई. न्यायमूर्ती दावर, ज्यांनी त्याच वर्षी टिळकांना मंडालेची शिक्षा दिली, ते या खटल्यातही होते. पारशी बापाची मुले धर्मात येऊ शकतात, असा निर्वाळा तिथे मिळाला. इंग्रज आईच्या मुलांना आपल्या मुंबईच्या गोतावळ्यात हक्काची जागा असावी, असे वाटणाऱ्या बापाला पक्षाच्या ठरावाने दोषी ठरवावे हे मला पटत नाही. क्लबच्या मागच्या दाराचा अनुभव घेतलेला माणूस मुलांसाठी पुढचे दार उघडून ठेवतो, यात ढोंग कुठे आहे?

सायमन कमिशनला त्यांनी सभागृहात विरोध केला. 1928 मध्ये मुंबईच्या गिरण्यांत प्रदीर्घ संप चालला आणि मार्च 1929 मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर, अधिकारी अशी मराठी मंडळी पकडली गेली. त्यांच्याबरोबर इंग्रज कामगार कार्यकर्तेही होते. डंडी आणि कलकत्ता, लँकेशायर आणि परळ हे एकच रणांगण असल्याचे शापुरजी सांगत आले होते. मीरतच्या आरोपींच्या पिंजऱ्यात ते प्रत्यक्ष दिसले. त्यांनी या आरोपींसाठी ब्रिटनमध्ये मोहीम चालवली, पण लवकरच त्यांच्या हातून जागा गेली. मे 1929 मध्ये मजूर पक्षाने त्यांच्याविरुद्ध अधिकृत उमेदवार दिला आणि बॅटरसीची मते फुटली. खटला पुढे चालवला तो मजूर पक्षाच्याच सरकारने.

पुढच्या निवडणुका ते हरले, सभा मात्र थांबल्या नाहीत. 16 जानेवारी 1936 रोजी हृदयविकाराने त्यांचे लंडनमध्ये निधन झाले. ब्रूकवुडच्या पारशी दफनभूमीत, जिथे मामा जमशेटजी आहेत, तिथेच त्यांची रक्षा ठेवली गेली. त्याच वर्षी स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढायला निघालेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या बटालियनला सुरुवातीला सकलातवालांचे नाव दिले होते. लंडनमध्ये त्यांची आठवण मुलगी सेहरी हिने लिहिलेल्या चरित्रातून टिकली. मुंबईत त्यांच्यावर मराठीत सविस्तर लिहिण्याचे काम अजून कोणी तरी हाती घ्यायला हवे.

बॅटरसीतला तो पराभव 1929 चा. त्यानंतर हाउस ऑफ कॉमन्समध्ये आशियाई वंशाचा पुढचा सदस्य म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते गोव्याच्या कुटुंबातले कीथ वाझ, लेस्टर ईस्टमधून, मजूर पक्षाकडून. ते वर्ष 1987 होते.