जुनी जिप्सी सजवताना : पैसा आधी कुठे लावावा?

मारुतीची जिप्सी १९८५ साली बाजारात आली आणि २०१९ पासून सामान्य गिऱ्हाइकाला नवी मिळेनाशी झाली. तरी जुन्या जिप्सीचा शौक संपलेला नाही. वजनाला जेमतेम टनभर, चासी मजबूत आणि ताकद चारही चाकांना. डोंगर, चिखल, वाळूसाठी ती तयार करून देणे हा काही गॅरेजवाल्यांचा आणि वेल्डिंग कारागिरांचा चांगला धंदा आहे. पण घेणारा व बनवणारा दोघेही बहुधा सुरुवात गाडी उंच करण्यापासून करतात. हा हिशेब उलटा आहे.

पहिला खर्च दुरुस्तीचा. चासीचा गंज, ब्रेक, बेअरिंग, स्टिअरिंगचे सांधे, कमानपाट्यांचे बुश हे आधी ठाकठीक करावे. विरलेल्या कापडावर जर टिकत नाही, तसेच हे आहे.

दुसरा खर्च टायरचा. स्प्रिंग कितीही उंच केली तरी वर जाते ती बॉडी. एक्सल आहे तिथेच राहतो. एक्सल वर नेतो तो फक्त मोठा टायर. २७ इंची टायरऐवजी ३० इंची घातला तर एक्सल दीड इंच उठतो. मात्र गिअर सुमारे ११ टक्के लांब पडतो, गाडी चढावर दमते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. जिप्सीत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळी असते; तिच्यातले गिअर बदलून ही तूट भरता येते. फुकटचा उपाय म्हणजे वाळूत टायरची हवा १५ ते १८ पौंडांपर्यंत उतरवणे. डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी ती परत भरलीच पाहिजे.

उंचीचा नंबर शेवटचा. दोन इंच लांब शॅकल लावले तर गाडी एकच इंच उठते. ते पुढच्या बाजूस लावले तर चाकांचा कोन बिघडून गाडी वेगात सरळ धावत नाही. जिप्सीचे कमानपाटे एक्सलच्या खाली असतात. ते वर घेतले की उंची भरपूर मिळते, पण ब्रेकचा होज अपुरा पडतो, प्रोपेलर शाफ्ट व स्टिअरिंग रॉड तिरपे होतात आणि उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. त्या वेल्डिंगवर माणसांचा जीव टांगलेला असतो. हे काम सराईत उस्तादाचेच आहे. ओढण्याचा हुकही वेल्डिंगने चिकटवू नये, चासीला मजबूत बोल्टने कसावा.

आता कायद्याची बाजू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. पुढे बसवण्याचे लोखंडी बुल बारही याच कलमाविरुद्ध असल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये कळवले होते. पंधरा वर्षे झालेल्या गाडीला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीस उभे राहावे लागते. तिथे बेकायदा बदल नजरेस पडू शकतो. अपघात झाल्यास विमा कंपनी त्यावरूनच दावा अडवू शकते.

म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या जिप्सीला पक्की दुरुस्ती, मूळ मापाचे खोल नक्षीचे टायर आणि चांगले हुक एवढे पुरे. याहून पुढे जायचे असेल तर हत्यार हातात घेण्यापूर्वी आरटीओत विचारणा करावी. कारागीर बंधूंनीही केलेले प्रत्येक काम बिलावर लिहून द्यावे. जे काम बिलावर लिहायला हात कचरतो, ते गिऱ्हाईक दुप्पट पैसे देत असले तरी घेऊ नये.