साखळी आहे म्हणजे पडणार नाही?

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सपाटीचे. घोड-भीमेच्या काठचा ऊस, पलीकडे माळ, आणि कातळ बघायचाच तर टाकळी हाजीला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे. तरीही शनिवारी रात्री इथून जुन्नरच्या दिशेने गाड्या निघतात. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन असे चार किल्ले, सगळे दोन-तीन तासांच्या अंतरात. निघण्याआधी कुणीतरी जाणत्याला फोन लावतो, "पहिल्यांदाच चाललोय, साखळी-बिखळी असलेली सोपी वाट सांगा." या एका वाक्यात दोन-तीन गैरसमज दडलेले असतात.

आधी या साखळ्या आणि खुंट्या आल्या कुठून ते पाहू. या किल्ल्यांवर मुळात कातळात खोदलेल्या पायऱ्या होत्या. 1818 मध्ये इंग्रजांनी जुन्नर परिसरातले किल्ले घेतले आणि पुन्हा कुणी तिथे ठाण मांडू नये म्हणून काही वाटा सुरुंगाने उडवल्या. पायऱ्या तुटल्या तिथे उघडा कातळ राहिला. आपले ट्रेकर ज्याला 'पॅच' म्हणतात, त्यातले कित्येक असे घडलेले आहेत. मग गावकऱ्यांनी, वनखात्याने, हौशी मंडळींनी आपापल्या परीने आधार केले. कुठे साखळी, कुठे खुंट्या, कुठे रेलिंग. त्यामागे एकच एक मापदंड नव्हता, आणि घोळ इथूनच सुरू होतो.

"साखळी धरली की माणूस सुरक्षित." सगळ्यात घट्ट रुजलेला समज हाच. साखळी हा हाताला आधार आहे, सुरक्षा नव्हे. घामेजलेली मूठ सुटली, पाय सरकला, की साखळी जागच्या जागी राहते आणि माणूस खाली जातो. युरोपात आल्प्सच्या डोंगरांत 'व्हिया फेराटा' नावाच्या लोखंडी वाटा आहेत. ऑस्ट्रियातल्या डाखश्टाइन शिखरावर 1843 मध्येच लोखंडी खुंट्या ठोकल्या गेल्या होत्या. तिथे कड्याला खिळ्यांनी ठोकलेली पोलादी तार असते आणि चढणारा कमरेच्या हार्नेसमधून निघालेले दोन पट्टे कॅराबिनरने, म्हणजे उघडझाप करणाऱ्या कडीने, तारेत अडकवून चढतो. खिळा आला की आधी एक पट्टा पुढे, मग दुसरा, म्हणजे एक तरी कायम अडकलेला. आपल्याकडची साखळी बघून लोकांना वाटतं, हे तेच. ते तसं नाही.

"मग आपणही साखळीला पट्टा अडकवू." हा त्याचाच पुढचा समज, आणि जास्त फसवा, कारण तो शहाणपणाचा दिसतो. हिशोब करून बघा. दोन खिळ्यांत तीन मीटरचं अंतर आहे आणि तुमचा पट्टा एक मीटरचा. वरच्या खिळ्याशी पोचता पोचता निसटलात, तर कॅराबिनर साखळीवरून घसरत खालच्या खिळ्यावर आदळतो. म्हणजे चार मीटरचं पडणं, आणि ते झेलायला फक्त एक मीटर पट्टा. गिर्यारोहक पडण्याच्या उंचीला ते पडणं झेलणाऱ्या दोराच्या लांबीने भागतात. साध्या दोरावरच्या चढाईत हा आकडा दोनच्या वर जात नाही. इथे तो चार झाला. साधा स्लिंग किंवा शिवलेला पट्टा असा हिसका सोसत नाही. त्यासाठी धक्का शोषणारा, ओढ बसली की टाके उसवत जाणारा खास पट्टा लागतो. त्याच्या युरोपीय मानकात वापरणाऱ्याचं वजन 40 ते 120 किलो धरलेलं आहे. चाळीस किलोच्या आतल्या मुलाला तो पुरेसा उलगडणार नाही. मुलांना वरून वेगळा दोर द्यावाच लागतो.

आणि समजा, पट्टा योग्य आहे. साखळीच्या टोकाचा खिळा? सह्याद्रीत दर वर्षी चार महिने त्यावर पाणी वाहतं. बाहेरून चकचकीत असला तरी आत कातळात तो किती गंजलाय, हे हाताने हलवून कळत नाही. म्हणून आपल्याकडे पद्धत वेगळी. अनुभवी माणूस आधी चढतो, वर अँकर, म्हणजे दोराचा पक्का आधार, बांधतो आणि तुम्हाला वरून बिले देतो, म्हणजे तुमचा दोर सांभाळतो. साखळी हाताला, जीव दोराला.

दोराचं नाव निघालंच आहे, तर आमच्या भागातल्या एका दोराबद्दल सांगायलाच हवं. विहिरीतली पाणबुडी मोटार ज्या नायलॉनच्या दोराने सोडतात, तो घेऊन डोंगरावर निघालेले तरुण दिसतात. "अहो, दीडशे किलोची मोटार पेलतो, माणसाचं काय?" मोटार हळूहळू सोडली जाते, माणूस झटक्यात पडतो. चढाईचा डायनॅमिक दोर ताणला जाऊन धक्का स्वतः गिळतो, मोटारीचा दोर तो तुमच्या मणक्यात आणि अँकरमध्ये पोचवतो. त्यातून तो दोर उन्हात सुकलेला, काठावर घासलेला, गाठी मारून जोडलेला. त्याचं टोक कमरेला बांधणं तर आणखी वाईट. नुसत्या कमरेवर लटकलेल्या माणसाला काही मिनिटांतच श्वास घेणं अवघड होतं. मांड्या आणि कंबर दोन्हीवर भार वाटणारा हार्नेस नसेल, तर त्या दिवशी पॅच सोडून द्यावा.

जितकं उंच तितकं अवघड, हा उंचीचा समज किरकोळ आहे, पण सुटत नाही. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. तिथे लोखंडी शिड्या आहेत आणि नवरात्रात भाविक चढतात. जीवधनशेजारचा वानरलिंगी सुळका जेमतेम साडेतीनशे फुटांचा, पण तो सराव असलेल्या गिर्यारोहकांचाच. ट्रेकच्या जाहिरातीतलं 'सोपी', 'मध्यम' हेही बहुधा सगळ्या दिवसाच्या चालण्याबद्दल असतं. पॅच किती फुटांचा, किती उभा, खाली किती मोकळी दरी, हे वेगळं विचारावं लागतं.

"चढलो की झालं" असं म्हणणाऱ्याला एकच विचारावं, उतरणार कुठून? नवख्यासाठी वाट निवडताना मी हा प्रश्न सगळ्यांच्या आधी ठेवतो. उतरताना पाय कुठे टाकायचा ते दिसत नाही, अंग थकलेलं असतं, आणि रॅपलिंगमध्ये, म्हणजे दोरावरून उतरताना, सगळा भार एका अँकरवर असतो. या कसोटीवर शिवनेरीची साखळीची वाट चांगली ठरते. जुन्नर शहरातून शिवपुतळ्याच्या डावीकडच्या रस्त्याने किलोमीटरभर गेलं की उजव्या हाताला देऊळ लागतं. तिथून पायवाट थेट कातळभिंतीशी नेते, पुढे खोदीव पायऱ्या आणि साखळी. पाऊण तासात माथा. आणि उतरायला सात दरवाज्यांची राजवाट. भिंतीशी जाऊन धीर सुटला, तरी मागे फिरून त्याच राजवाटेने चढता येतं. त्यात कमीपणा काही नाही.

माझा क्रम विचाराल तर पहिल्यांदा चावंड. रेलिंग आहे, दोर लागत नाही, आणि उंचीची भीती किती वाटते ते स्वतःचं स्वतःला कळतं. मग शिवनेरीची साखळी, वरून दोर लावून. मग हडसरची खुंटीची वाट, तीही दोरानेच, आणि उतरताना दरवाज्याच्या पायऱ्या. जीवधनचा नाणेघाटाकडचा कल्याण दरवाजा त्यानंतर. वानरलिंगीचा फोटो काढा आणि परत या.

हंगामाबद्दलही उलटा समज आहे. पावसाळा हिरवागार म्हणून गर्दी तेव्हाच. पण शेवाळलेल्या बेसॉल्टवर बूट टिकत नाही आणि सुटे झालेले धोंडे वरून येतात. कातळ चढायचा तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, डोक्यावर हेल्मेट घालूनच. 19 फेब्रुवारीच्या शिवजयंतीला मात्र शिवनेरीवर पायऱ्यांवरही जागा नसते, त्या दिवशी दर्शन घ्यावं, चढाई नको. एप्रिल-मेमध्ये दुपारी वळीव आणि वीज, आणि हातात लोखंडी साखळी, हे जमणारं नाही. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा सगळं बंद, आणि वाट बदला.

आणखी एक. "साखळी जुनी झालीय, आपणच दोन बोल्ट ठोकू." शिवनेरी हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे, 2025 पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे. परवानगीवाचून तिथे ड्रिल चालवणं हा गुन्हा ठरतो.

कुणाबरोबर जायचं हे शेवटी ठरवू नका, आधी ठरवा. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी आहे का, वरून बिले कोण देणार, दोर किती जुना, हे विचारताना लाजू नका. नीट उत्तर न देणाऱ्याबरोबर जाऊ नका. दौंडकरांना गाडीने पुणं गाठून कृत्रिम भिंतीवर दोन-चार रविवार सराव करणं सहज शक्य आहे, शिरूरकरांनाही एसटी आहेच. आठची गाठ आणि बिले डिव्हाइस आधी तिथे हाताळा. साखळीची वाट सध्या चालू आहे का, हे निघायच्या आदल्या दिवशी जुन्नरला विचारून घ्या, आणि बंद असेल तर बंदच समजा.