पाठीमागे लिहिलेलं नाव

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग भरू लागला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे स्वतःचा स्टुडिओ थाटला.

सगळ्यांना नाचवत होती ती काचेची ओली प्लेट. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये ही रीत जाहीर केली. काचेवर चिकट कलोडियन ओतायचं, काच तिरकी करत ते चारी कोपऱ्यांना पोचवायचं, मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून ओलीच कॅमेऱ्यात चढवायची. वाळली की प्लेट फुकट. मुंबईच्या उन्हाळ्यात तर कलोडियनमधला ईथर भराभर उडे. सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी पडत. बसणारा हलू नये म्हणून त्याच्या मानेमागे लोखंडी टेकू लावत. जुन्या फोटोंतला ताठपणा बराचसा त्या टेकूचा आहे.

विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. माणसं एका निगेटिव्हवर, मागचं दृश्य दुसऱ्यावर, दोन्ही जुळवून एक चित्र. खाली जात किंवा जमात छापलेली. माणसाचं नाव बहुधा नाहीच. त्याच काळात ऐपतदार गिऱ्हाईक अडीच बाय चार इंचांच्या पुठ्ठ्यावर आपली छबी डकवून आप्तेष्टांना वाटत होतं. रसायनं तीच, टेकूही तोच. फरक एवढाच, की पैसे कोण मोजतंय. हे आजही सलतं.

म्हणून फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला १८८५चा फोटो मोलाचा वाटतो. आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. खाली तिघींची नावं आहेत. आनंदीबाईंच्या नावापुढे बंगालमधल्या श्रीरामपूरचं स्पेलिंग चुकलंय, पण बाई कोण, हे कुणाला विचारावं लागत नाही.

घरातल्या अल्बमचं तसं नसतं, तिथे नावं बहुधा लिहिलेली नसतात आणि कागदही जपावा लागतो. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला अल्ब्युमिन कागद पिवळा पडतो, दमटपणाने डाग धरतो. असा एखादा अल्बम घरात असेलच, तर भिंतीवरचं ऊन आणि लॅमिनेशन दोन्ही टाळावं. साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटांऐवजी आम्लरहित कागद वापरावा. पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहावं. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

कागद सांभाळता येतो, नावांचं अवघड आहे. डावीकडून तिसरी ती कोण, हे सांगणारी आजी बहुतेक घरांत एकच उरलेली असते. तिला व्हिडिओ कॉल लावून फोटो एकेक करत दाखवावे, आणि आत्याबाई, मावशी एवढ्यावर न थांबता तिला प्रत्येकीचं पाळण्यातलं नाव आणि सासरचं आडनावही विचारून घ्यावं.