केना : शेतांतील तण आणि परसांतील भाजी

केन्याची ओळख शेतकऱ्यास करून द्यावी लागत नाहीं. मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा येतो न येतो तोंच सोयाबीनच्या दोन तासांच्या मध्यें, तुरीच्या बुडाशीं, उडदामुगाच्या दाटींत जीं रुंद पानांचीं रसरशीत रोपें दिसूं लागतात, त्यांत बरींचशीं केन्याचीं असतात. खुरपें हातीं घेतलेली प्रत्येक बाई त्यास दुरूनच ओळखते. तरी पण या ओळखीच्या झाडाविषयीं दोन गोष्टी पुष्कळांस ठाऊक नसतात. पहिली ही कीं, आपलें निळें फूल दाखविण्याच्या आधींच तो जमिनीखालीं गुपचूप बी धरूं लागलेला असतो. दुसरी ही कीं, शेतांतून ज्यास हाकलून द्यावयाचें, तोच केना परसांत एका टोपल्यांत कोंडून ठेविला तर सारा पावसाळा घरास भाजी पुरवितो. या दोन्ही गोष्टींचा परस्परांशीं संबंध आहे, म्हणून त्या एकत्रच सांगण्याचें योजिलें आहे.

माकणी हें गांव धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांत तेरणा नदीच्या कांठीं आहे. निम्न तेरणा धरण तें येथलेंच. जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. एकदां झड लागली कीं आठ-आठ दिवस शेतांत पाऊल घालतां येत नाहीं. केन्यास याहून चांगलें माहेर कोठें मिळणार? कोळप्याचे बैल दावणीस उभे आणि केना मात्र दिवसाला वीतभर पसरतो आहे, असा देखावा ज्यानें पाहिला नसेल असा शेतकरी या भागांत विरळा.

शास्त्रज्ञ यास कोमेलिना बेंगालेन्सिस म्हणतात. हें नांव स्वीडनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानें १७५३ सालीं दिलें. कोमेलिना या नांवाची हकीकत मोठी गमतीची आहे. केन्याच्या फुलास तीन पाकळ्या. त्यांपैकीं दोन मोठ्या निळ्या व डोळ्यांत भरणाऱ्या, तिसरी लहान व फिकी. हॉलंडांत कोमेलिन घराण्यांत तिघे वनस्पतींचे अभ्यासक झाले. दोघांनीं नांव मिळविलें, तिसरा कांहीं करून दाखविण्यापूर्वींच वारला. लिनियसनें त्या तिघांस या तीन पाकळ्यांत पाहिलें. पश्चिमेकडील बागांत हौसेनें लावितात तें ट्रॅडेस्कँशिया नांवाचें अमेरिकेंतील रानफूल याच कुळांतलें. शहरांतील गच्च्यांवर टांगलेल्या कुंड्यांतून जांभळ्या-रुपेरी पट्ट्यांची जी वेल लोंबते ती त्याचीच मेक्सिकोंतून आलेली जात होय; ती शोभेपुरतीच ठेवावी, तिचा रस कित्येकांच्या अंगास खाजतो. सह्याद्रीच्या सड्यांवरील आभाळी व नभाळी हींही केन्याचींच भावंडें. जपानांत केन्याच्या एका जातभाईच्या पाकळ्यांचा निळा रस कागदांत मुरवून ठेवितात. रेशमी वस्त्रावर नक्षीची पहिली रेघ रंगारी त्या रंगानें काढतात. कारण काम झाल्यावर ती पाण्यानें निघून जाते. आपल्याकडे मात्र हें फूल कोणी देवास वाहिलेलें पाहण्यांत नाहीं. सकाळीं उमलावें आणि दुपारपर्यंत विरघळून जावें एवढेंच त्याचें आयुष्य. त्यांत मध नसतो. मधमाश्या येतात त्या केवळ परागासाठीं, आणि त्याही सकाळींच.

भाजीसाठीं खुडावयाचा केना नीट ओळखावा. पान अंड्याच्या आकाराचें, थोडें लवदार; पानाचा खालचा भाग कांडास जेथें वेढून बसतो तेथें तांबूस केंसांची झालर असते. फूल ज्या हिरव्या द्रोणांतून वर येतें तो द्रोण एका बाजूनें जुळलेला, नरसाळ्यासारखा. दाबल्यास त्यांतून चिकट पाणी येतें. लांबट, अरुंद पानांचे केनेही बांधावर व ओढ्याच्या कडेस असतात. तेही या वर्गांतलेच, परंतु नवख्यानें प्रथम हा रुंद पानांचाच धरावा, आणि तोही घरांतील जाणत्या बाईस दाखवून.

आतां त्याच्या गुपिताकडे वळूं. केन्याचें एखादें महिना-दीड महिन्याचें रोप मुळासकट अलगद उपटून, माती धुऊन पाहावें. मुळांच्या जोडीस पांढरट, बारीक दोऱ्यासारख्या फांद्या मातींत शिरलेल्या दिसतील. त्यांच्या टोंकांशीं लहानशा कळ्या असतात. या कळ्या कधींच उमलत नाहींत. त्यांस ऊन नको, वारा नको, माशी नको. त्या मिटल्या मिटल्याच आपल्याच परागानें फळतात. उगवल्यापासून सुमारें सहा आठवड्यांनीं हीं भुयारी फुलें धरूं लागतात. वरचें निळें फूल येण्यास आठ ते दहा आठवडे लागतात. म्हणजे शेतकरी निळें फूल पाहून “आतां केना खुरपला पाहिजे” असें म्हणतो तेव्हां त्याची पहिली पेरणी होऊन गेलेली असते! शिवाय बिया एकाच तऱ्हेच्या नसतात. वरच्या फळांत एक मोठी व कांहीं लहान, खालच्या फळांतही तसेंच, अशा चार प्रकारच्या बिया एकाच झाडास येतात. जमिनीखालची मोठी बी लवकर उगवते व जास्त खोलींतून वर येऊं शकते. वरच्या लहान बिया पुष्कळ काळ निजून राहतात. एका जोमदार झाडास दीड हजारांच्या आसपास बिया धरल्याची नोंद आहे. सावकाराकडे जशी निरनिराळ्या मुदतीचीं खतें असावींत तसा हा प्रकार आहे : एक यंदां वसूल होतें, दुसरें पुढल्या वर्षीं, तिसरें त्याहून पुढें.

याच्या जोडीस कांडांचा चिवटपणा. प्रत्येक गांठीस मूळ फुटतें. तुकडा मोडला कीं त्याचें नवें झाड. एका वर्षीं आम्हीं खुरपलेल्या केन्याचे ढीग बांधावर टाकले. पाठोपाठ झड लागली. पंधरा दिवसांनीं पाहतों तों ढिगाच्या खालचा केना गांठोगांठीं मुळें धरून, बांध उतरून पुन्हां पिकांत शिरलेला! त्या शेताच्या खुरपणीची मजुरी दोनदां द्यावी लागली. तेव्हांपासून उपटलेला केना आम्हीं पाटींत भरून बाहेर काढतों आणि खडकावर पातळ पसरून वाळवितों, किंवा बी धरलेली नसल्यास गोठ्यांत नेतों.

तणनाशकांच्या भरंवशावर राहणाऱ्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. केना गवतासारखा पसरतो खरा, पण तो गवत नव्हे. त्याचें कूळ निराळें. केवळ गवतवर्गीय तणें मारणारीं जीं औषधें सोयाबीनवर फवारतात त्यांनीं शिपी जाते, लोना जाते, आणि केना मोकळ्या झालेल्या जागेंत दुप्पट फोफावतो. “औषध बोगस निघालें” म्हणून दुकानदाराशीं भांडण्यापूर्वीं डब्यावर केन्याचें नांव आहे कीं नाहीं हें वाचून पाहावें. ग्लायफोसेटासही तो मोठा झाल्यावर सहसा दाद देत नाहीं. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत हें औषध सहन करणारा कापूस १९९७ नंतर जिकडेतिकडे झाला, शेतकरी त्या एकाच औषधावर विसंबले, इतर तणें हटलीं. आणि आशिया-आफ्रिकेंतला हा पाहुणा थोड्याच वर्षांत तेथील कापसाचें अत्यंत त्रासदायक तण होऊन बसला. औषध वापरावयाचेंच तर रोप दोन-तीन पानांवर असतांना वापरावें. परंतु आमच्या मतें पेरणीनंतर तिसऱ्या व पांचव्या आठवड्यांत मिळून दोन कोळपण्या आणि तासांतील रोपांची एक खुरपणी, हाच खात्रीचा मार्ग. सहा आठवड्यांची मर्यादा कोणत्याही सबबीनें ओलांडूं देऊं नये. पाऊस उघडीप देत नसेल तर निदान बांधालगतचा केना तरी हातानें काढावा. शेतांतली भर पुष्कळदां तेथूनच येते.

भाजीचा विषय याच ठिकाणीं निघतो. खुरपणीस गेलेल्या बाया पूर्वीपासून संध्याकाळीं ओटींत केना घेऊन घरीं येतात. दुष्काळांत तर असल्या रानभाज्यांवर अनेक घरांची चूल पेटली. आजही कृषि विभागाच्या रानभाजी महोत्सवांत केना मांडलेला दिसतो, व शहरांतले लोक कौतुकानें त्याची भजी खातात. पण ज्या शेतांत औषध फवारलें आहे त्या शेतांतला केना खाण्याजोगा राहत नाहीं. फवाऱ्यानंतर पीक किती दिवसांनीं काढावें हें डब्यावर लिहिलेलें असतें, तें पिकासाठीं. तण कोणी खाईल अशी कल्पनाच तें लिहिणारानें केलेली नसते. फवाऱ्याखालून जिवंत राहिलेला केना हिरवागार दिसतो, हीच त्यांतली फसवणूक. मजुरीच्या बाईस मालकानें कोणत्या दिवशीं काय फवारलें हें कोण सांगतो? मालकानें तें सांगितलें पाहिजे, आणि सांगेपर्यंत तिनें तेथला पाला ओटींत घेऊं नये. याच कारणासाठीं केना परसांत लावावा असें आम्हांस वाटतें.

लावण्यास कांहींच कष्ट नाहींत. न फवारलेल्या जागेंतून, वाटेच्या व गटाराच्या कडेपासून दूर असलेला चांगला केना पाहून त्याचीं तीन-तीन गांठींचीं कांडें कापून आणावींत. फुटकें घमेलें, जुनी सिमेंटची टांकी, पत्र्याचा अर्धा डबा, जें असेल तें घ्यावें; बुडास भोंक हवें व त्याखालीं फरशी किंवा दगड हवा, म्हणजे मुळें खालच्या मातींत उतरणार नाहींत. निम्मी माती, निम्में कुजलेलें शेणखत भरून दोन गांठी मातींत व एक वर अशीं कांडें रोवावींत. सकाळचें ऊन व दुपारची सावली मिळाली तर पान कोंवळें राहतें. पाणी भाज्या-धान्य धुतल्याचें चालतें. न्हाणीचें साबणाचें नको. तीन आठवड्यांत पहिली खुडणी मिळते. शेंडे सतत खुडत राहावें आणि महिना झाला कीं जुनें झाड काढून त्याच्याच शेंड्यांची नवी लावण करावी. म्हणजे भुयारी फुलांस अवधीच मिळत नाहीं. वांगीं, टोमॅटो, मिरची, काकडी यांच्या वाफ्याशेजारीं मात्र हें टोपलें ठेवूं नये. मुळांवर गांठी आणणारे सूत्रकृमि केन्यावर पोसतात, तसेंच काकडी-मिरचीच्या पानांवर चट्टे पाडणारा विषाणूही त्याच्यांत आश्रय घेतो.

पानाची भजी सर्वांस ठाऊक आहेत : डाळीच्या पिठांत ओवा, तिखट, मीठ घालून अख्खें पान बुडवावें व तळावें. रोजच्या जेवणास भिजविलेल्या मुगाच्या डाळीची सुकी भाजी अधिक बरी. पाला दोनदां धुऊन, चिरून, लसूण व हिरव्या मिरचीच्या फोडणींत प्रथम पाण्यावांचून परतावा. यानें बुळबुळीतपणा जातो. नंतर डाळ, मीठ आणि उतरतांना शेंगदाण्याचें कूट. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती फार गोड लागते. मुतखड्याची तक्रार असणाऱ्यांनीं पाला उकळून तें पाणी टाकून द्यावें, व तरीही बेतानेंच खावा.

गोठ्यांत केना न्यावयाचा तो थोडा सुकवून, कडब्याच्या कुट्टींत मिसळून न्यावा. पाण्यानें भरलेला ताजा पाला उपाशी जनावरानें पोटभर खाल्ला तर शेण पातळ होतें. उस्मानाबादी शेळी मात्र हा पाला मिटक्या मारीत खाते. करडांसाठीं त्याची एक पेंढी संध्याकाळीं टांगून ठेवावी. फूल दिसूं लागलेला पाला चाऱ्यास वापरूं नये, कारण त्यांतील बी उकिरड्यामार्गें पुन्हां शेतांत जाण्याचा संभव असतो.

दिवाळीनंतर थंडी वाढली कीं टोपल्यांतला केना मान टाकतो. त्या वेळीं चार-सहा कांडें एका लहान कुंडींत उन्हाच्या कडेस पाणी देऊन जगवावींत, तीं पुढच्या मृगास उपयोगीं पडतात. टोपल्यांतली जुनी माती मात्र शेतांत किंवा उकिरड्यावर ओतूं नये. ती उन्हाळाभर त्याच टोपल्यांत कोरडी ठेवावी, आणि वळवाच्या पावसानें जीं रोपें उगवतील तीं बोटानें उपटून तींच पहिल्या भाजीस घ्यावींत.